एक हजार नऊ धावा आणि एक पत्र

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला ठाण्याहून मुलाचा फोन आला. या वयात अवेळी फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण तसं काही नव्हतं. "आई, हिचं परत पोट दुखतंय. ओवा दिला, हिंग लावून झाला. आता काय करू?"

'ही' म्हणजे माझी नात, वय वर्षं बारा. बॅडमिंटन खेळते. त्या दिवशी सकाळी तिची मॅच होती. मी विचारलं, "शाळेच्या दिवशी दुखतं का?" नाही म्हणाला. "नुसत्या प्रॅक्टिसच्या दिवशी?" तेव्हाही नाही. मग थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. "आई, तू काय म्हणतेस ते कळतंय गं मला. पण आत्ता काय करू ते सांग."

आत्ता काय करायचं ते मलाही पटकन सांगता आलं नाही. पस्तीस वर्षं मुलांमध्ये काढली, पण खरं सांगायचं तर या विषयात मी शिकवण्यापेक्षा चुकाच जास्त केल्यात. त्यातली एक पुढे सांगणार आहे. (सूनबाई हे वाचणार आहेत, तेव्हा जरा जपून लिहिते. पण लिहिते.)

त्या दिवशी सारखी आठवण येत राहिली ती आमच्या कल्याणच्या एका मुलाची. प्रणव धनावडेची. नाव विसरला असाल तर आकडा सांगते, म्हणजे आठवेल. एक हजार नऊ, नाबाद.

जानेवारी २०१६. कल्याणच्या वायले नगरमधलं युनियन क्रिकेट अकादमीचं मैदान, शाळाशाळांमधली सोळा वर्षांखालची भंडारी चषक स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा हा पंधरा वर्षांचा मुलगा ४ तारखेला खेळायला उतरला तो संध्याकाळी नाबाद ६५२ वर परतला. एका शाळकरी डावात सर्वांत जास्त धावांचा विक्रम ६२८ चा होता, इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाचा, आणि तोही १८९९ सालचा. ११६ वर्षं कोणी त्याला हात लावला नव्हता, तो आमच्या मुलाने एका दिवसात मागे टाकला. दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, तो हजाराच्या पलीकडे गेला. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. आमचे हे तेव्हा होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हिशेब मांडला आणि मला हाक मारली, "अगं, ८७० धावा नुसत्या चौकार-षटकारांच्या. म्हणजे पोरगा पळून फक्त १३९ काढतोय!" आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, त्याला क्रिकेटमध्येही बेरीजच दिसायची.

आमच्या सोसायटीतली मुलं सायकली काढून मैदानाकडे पळाली. मी टीव्हीसमोरून हलले नाही. पुण्याच्या नणंदेला, नाशिकच्या भावाला, बडोद्याच्या मावसबहिणीला फोन लावले. "आमच्या कल्याणचा मुलगा! वडील रिक्षा चालवतात!" जसा काही मीच त्याला खेळायला शिकवला होता. सचिन तेंडुलकरने त्याला स्वतःची सही केलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली, पाच वर्षांसाठी. घरी कॅमेरे, शाळेत कॅमेरे, मैदानावर कॅमेरे.

आता जरा त्या सामन्याकडे बघू. समोरच्या शाळेतली मोठी मुलं परीक्षेच्या तयारीमुळे आली नव्हती, दहा-बारा वर्षांची, सीझन बॉलची सवयही नसलेली मुलं खेळायला उतरली होती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मैदानाची एक बाजू फारच जवळ. झेल किती सुटले त्याला तर गणतीच नाही. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२. सामना एक डाव आणि १३८२ धावांनी जिंकला. ही वाक्यं मी प्रणवला कमी लेखायला लिहीत नाहीये. साडेसहा तास उभं राहून ३२७ चेंडू खेळून दाखवा म्हणावं कोणाला. पण हे सगळं त्या दिवशीही सगळ्यांना दिसत होतं, तरी बोलायचं नव्हतं. आपल्याला दुसरा सचिन हवा होता, आणि तो आजच हवा होता.

आणि त्या समोरच्या मुलांचं काय? दोन दिवस सीमारेषेपलीकडून चेंडू आणणारी ती पोरं घरी गेली तेव्हा त्यांच्याशी कोण काय बोललं असेल? त्यांच्या घरी कॅमेरा गेला नाही ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. पंधरा वर्षांच्या मुलाने पुढच्या सामन्यात तीस धावा केल्या तर ती बातमी. लवकर बाद झाला तर ती मोठी बातमी. त्याच वर्षी सोळा वर्षांखालच्या पश्चिम विभागाच्या संघात अर्जुन तेंडुलकर आला आणि प्रणव नाही, यावरून लोकांनी फेसबुकवर केवढं रान उठवलं! गरिबाचा मुलगा, श्रीमंताचा मुलगा, वशिला, अन्याय. निवड मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघातून व्हायची होती आणि प्रणव त्या संघात नव्हताच, एवढी साधी गोष्ट तपासायची कोणाला गरज वाटली नाही. शेवटी धनावडे कुटुंबालाच सांगावं लागलं की आमची काही तक्रार नाही. दोन मुलं, दोन्ही कोवळ्या वयाची, आणि आपण मोठ्यांनी आपली भांडणं त्यांच्या खांद्यावर ठेवली. एकाला बापाचं नाव, दुसऱ्याला स्वतःचाच आकडा. कोणाचं ओझं जड, सांगा.

पण मला सांगायचंय ते पुढचं. २०१७ साली प्रणवच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं. मुलाचा खेळ सध्या मनासारखा होत नाहीये, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी. पुढे तो चांगला खेळला तर तेव्हा विचार करावा. असा त्याचा आशय होता.

महिना दहा हजार. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाला दहा हजार म्हणजे काय ते कल्याण स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. कोणी मागे घेतलेली नव्हती ती रक्कम. कोणी हिशेबही मागितला नव्हता. तरी त्याने ती स्वतःहून नको म्हटली.

तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. हजार धावांचा मुलगा संपला, अशा सुरात लिहून आलं. आमच्या ह्यांनीसुद्धा कात्रणांच्या फायलीत ती बातमी चिकटवताना "अरेरे" म्हटलं. मीही तेव्हा अरेरेच म्हटलं. आज मला वाटतं की त्या दोन दिवसांच्या खेळापेक्षा हे पत्र मोठं होतं. त्या बापाला, खेळाचं मानसशास्त्र वगैरे शब्द न वापरता, एक गोष्ट कळली होती. दर महिन्याला बँकेत जमा होणारी ती रक्कम म्हणजे बक्षीस राहिलं नव्हतं, ते कर्ज झालं होतं. आणि फेडायचं होतं पोराने, धावांनी.

यावर कोणी म्हणेल, मग काय शिष्यवृत्त्या देऊच नयेत? गरीब मुलांनी खेळायचं कशावर? द्याव्यात, जरूर द्याव्यात. दुधाला, अंड्यांना, बुटांना, लोकलच्या पासला, फिजिओला पैसे लागतात. पण ते एका डावाच्या टाळ्यांबरोबर, कॅमेऱ्यासमोर मोठ्या चेकचं पुठ्ठ्याचं चित्र धरून देऊ नयेत. खेळतोय म्हणून द्यावेत, जिंकला म्हणून नव्हे. आणि सोळा वर्षांखालच्या मुलाचा जाहीर सत्कार तर बंदच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो. मुलाचा फोटो शोधावा लागतो! तो फ्लेक्स पंधरा दिवसांनी उतरतो, पण पोराच्या मनातून उतरत नाही. रोज सकाळी तो त्याच्याच खालून मैदानावर जातो.

बोलणं सोपं आहे. आता माझी चूक.

१९८०-८५ च्या सुमाराची गोष्ट. मी मराठी शिकवायची, पण शाळेत मुलींसाठी वेगळ्या खेळाच्या बाई नव्हत्या, म्हणून खो-खोचा संघ माझ्याकडे आला. मी कॉलेजात खेळले होते थोडी. संघात एक मुलगी होती, नववीतली. पळायला लागली की वाऱ्यासारखी. खांबावरून अशी वळायची की मागच्या मुलीचा हात हवेतच राहायचा. एका वर्षी आम्ही तालुक्याला जिंकलो तो तिच्या जिवावर. मी तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर प्रत्येक वर्गात शिरले की तिचं उदाहरण. हस्ताक्षर वाईट असलं तरी तिचं उदाहरण! पुढच्या वर्षी जिल्ह्याचा सामना. मैदानात उतरण्याआधी मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हटलं, "आज शाळेची अब्रू तुझ्या हातात आहे." मला वाटलं मी तिला बळ देतेय.

ती पहिल्या तुकडीत पळायला उतरली आणि पहिल्याच मिनिटात बाद झाली. साधा खो, समोरून आलेला. तिला दिसला नाही की पाय हलला नाही, कोण जाणे. आम्ही हरलो. परतताना एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. रागावले नाही हो, पण बोलले नाही. त्यानंतर ती खो-खोला आली नाही. "अभ्यास आहे बाई," म्हणाली. मी फार आग्रह केला नाही, दहावीचं वर्ष होतं.

वीस-बावीस वर्षांनी भाजी मार्केटमध्ये भेटली. तीच वाकून नमस्कार करत म्हणाली, "बाई, ओळखलंत?" तिच्याबरोबर तिची मुलगी होती, ती धावण्याच्या शर्यतीत पळते म्हणाली. आम्ही मेथीच्या जुड्या बघत उभ्या. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "बाई, त्या दिवशी मला पाळी आली होती. सकाळीच. पोटात इतकं दुखत होतं. तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही अब्रूचं बोललात, मग कसं सांगणार?"

मेथी घ्यायची राहूनच गेली.

मी बाई होते, स्त्री होते, तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, आणि तिला मला एवढं सांगता आलं नाही. कारण मीच त्या आधीचं एक वर्ष तिच्याशी मुलीसारखं बोलायचं सोडून ढालीसारखं बोलत होते. दडपण म्हणजे काय, यावर पुढे मी पुष्कळ वाचलं, पण मला ते कळलं ते त्या भाजीवाल्यासमोर. मुलाला काही होत असेल आणि ते सांगायची सोयच आपण ठेवली नसेल, तर बाकीचं शहाणपण काय कामाचं?

वाचलं म्हणाले, त्यात एक नाव आवर्जून सांगते. नाशिकचे भीष्मराज बाम. निवृत्त पोलीस अधिकारी. योगाच्या अभ्यासातून त्यांनी खेळाडूंच्या मनाची तयारी हा विषय धरला. नेमबाजीतल्या अंजली भागवत, नाशिकची धावपटू कविता राऊत अशा कितीतरी जणांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. 'विजयाचे मानसशास्त्र' हे त्यांचं पुस्तक आमच्या वाचनालयात मी दोनदा घेतलं. २०१७ साली ते गेले. बघा, मराठी माणसाने मराठीत हा विषय एवढा मांडून ठेवलाय, आणि आपण अजून मुलांना "टेन्शन घेऊ नको" एवढंच सांगतो. हे म्हणजे पावसात उभ्या असलेल्याला "भिजू नको" म्हटल्यासारखं. मन एकाग्र करणं, श्वास लांब सोडणं, हे बॅकहँडसारखंच रोज घोटायचं असतं. मॅचच्या सकाळी पहिल्यांदा आठवून उपयोग नाही.

शरीरात काय होतं ते मला माझ्याच अनुभवावरून कळतं. वीस वर्षं फळ्यावर लिहिणारी मी, एकदा तपासणीला साहेब वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. फळ्याकडे वळले आणि माझी ओळ तिरकी जायला लागली. 'ज्ञ' कसा काढायचा ते क्षणभर सुचेना! हात माझा, खडू माझा, अक्षर वर्षानुवर्षांचं. पण एरवी हात आपोआप जे करतो त्याच्यावर मी पहारा बसवला, आणि हात अडखळला. कल्याण स्टेशनच्या जिन्यावर प्रत्येक पायरी मोजत उतरून बघा, तसंच होतं. (नका बघू. माझ्या वयाच्यांनी तर मुळीच नको.) घशाला कोरड, हाताला घाम, पोटात गोळा. पोट खरंच दुखतं. नाटक नसतं ते. म्हणून "काही होत नाहीये तुला" असं म्हणणं म्हणजे मुलाला खोटं ठरवणं.

गेल्या वर्षी, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२५ ला, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी नव्या मुंबईत झाली. मी रात्री जागून पाहिली. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आणि आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून सामना जिंकून दिला. पण मला भावलं ते नंतरचं. ती सगळ्या पत्रकारांसमोर म्हणाली की स्पर्धेत तिला फार अस्वस्थता होती, मधल्या काळात ती जवळजवळ रोज रडत होती, आईला फोन करून रडायची, आणि मैत्रिणी जवळ येऊन बसायच्या. हे तिने जिंकल्यावर सांगितलं, पण आईला ती हरत असताना सांगू शकली होती. नुसतं फोनच्या पलीकडे कोणीतरी होतं, ऐकणारं.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. यांची गोष्ट मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजीत ढीगभर धावा केल्या, भारताकडून एकही सामना मिळाला नाही. वाट बघणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस त्या मुलींच्या ड्रेसिंग रूममध्ये होता, हे काही मला साधं वाटत नाही. २ नोव्हेंबरला त्या विश्वचषक जिंकल्या.

प्रणव अजून मुंबईच्या मोठ्या संघापर्यंत पोचलेला नाही. त्याचं पुढे काय व्हावं हे ठरवणारी मी कोण? कॉलिन्सनेसुद्धा पुढे मोठं क्रिकेट खेळलं नाही, सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, मारला गेला. तरी लोक त्याच्यामागे ६२८ लावूनच बोलत राहिले. आमच्या गावच्या मुलाला निदान आपण त्याच्या नावाने हाक मारू या, आकड्याने नको. रस्त्यात भेटला तर "काय रे, परत कधी हजार?" असं विचारायचं नाही. विचारणाऱ्याला गंमत वाटते ती.

तर परत ठाण्याला. फोनवर मी मुलाला एवढंच म्हटलं, की तिला विचार, जायचंय का? नाही म्हणाली तर राहू दे. त्याने विचारलं. ती म्हणाली, "जायचंय. पण बाबांनी स्टँडमध्ये बसून हातवारे करायचे नाहीत." हे ऐकून चिरंजीव गप्प. सूनबाई मागून हसल्याचं मला फोनवर ऐकू आलं. मग तिनेच म्हणे बाथरूममध्ये जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि रॅकेट उचलली.

दुपारी मी फोन केला. एरवी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय झालं?" जिभेवर आलाच होता. गिळला. म्हटलं, "जेवलीस का?"

"हो आजी. मिसळ खाल्ली. दोन पाव जास्त घेतले." मग मॅचबद्दल सोडून सगळं सांगितलं. कोणाचा बूट फाटला, पंच कसे जांभया देत होते, समोरच्या मुलीच्या रॅकेटच्या ग्रिपचा रंग कोणता होता, आणि ती मुलगी मॅचआधी बाहेर एकटीच रडत होती म्हणून हिने तिला पाणी दिलं. मी दहा मिनिटं ऐकत होते. जिंकली की हरली ते मला रात्री मुलाने सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.

पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे. मला येऊन बस म्हणालीय. मी विचारलं, "मी हातवारे केले तर?" तर म्हणते, "तुला नीट दिसतच नाही आजी, तू चालशील."